फणसाचा पाट

खिळा अर्धा आत गेला आणि फळी टोकापासून सरळ फाटत गेली. गुणाजीने हातोडी मांडीवर ठेवली, फटीत बोट घालून पाहिलं आणि बोट बाहेर काढलं.

"टोकाजवळ ठोकू नको, सांगितलं होतं ना तुला?" कठड्याला टेकून विडी ओढणारा कुशाबा म्हणाला.

"तू सांगितलंस, टोक बोथट कर."

"ते खिळ्याचं रे. फळीचं वेगळं."

"मग तसं बोलायचं ना."

घोडपदेवच्या त्या चाळीत सल्ला फुकट मिळायचा, तोही न मागता. गुणाजी गॅलरीत करवत घेऊन बसायला लागल्यापासून तर येणाजाणारा प्रत्येक जण जन्मजात सुतार झाला होता. कोणी म्हणे करवत तिरकी धर, कोणी म्हणे सरळ. शेजारच्या खोलीतली चंपा धुणं वाळत घालता घालता म्हणाली होती, भावोजी, आधी नारळ फोडा. त्याने नारळही फोडला होता. लाकडावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

कुशाबा माझगावच्या गोदीत कामाला होता. तिथून तो मोडक्या खोक्यांच्या फळ्या सायकलला बांधून आणायचा. गोदीतल्याच एका सुताराकडून त्याने करवत, पटाशी, रंधा आणि भोकं पाडायचं गिरमिट अशी हत्यारं मागून आणून दिली होती. हत्यारं होती, लाकूड होतं, वेळ तर होताच होता. नव्हतं ते फक्त सुतारकाम.

गुणाजी साचेवाला. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणं एवढंच त्याला येत होतं, आणि ते उत्तम येत होतं. संप होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. संप सुटला असं कोणी म्हटलं नाही; एकेक माणूस मात्र सुटत गेला. काही गावाला गेले, काहींना गिरण्यांनी परत घेतलं, गुणाजीला घेतलं नाही. आता तो रात्री माझगावला एका गोदामाची राखण करायचा आणि दिवसा, झोपायच्या वेळी, लाकूड फाडत बसायचा. फाडत हाच शब्द बरोबर. साच्यावर धागा तुटला तर तो चिमटीत धरायचा, गाठ मारायची, साचा पुन्हा चालू. कापडात नंतर ती गाठ शोधूनही सापडत नाही. लाकडाला गाठ मारता येत नाही, हे पटायला त्याला बऱ्याच फळ्या लागल्या. एकदा तर तो फाटलेली फळी उन्हात धरून बघत बसला आणि कुशाबाला म्हणाला, "यात नुसता ताणा आहे रे. सगळे उभे धागे. आडवा बाणाच नाय. मग फाटणार नाय तर काय होणार?" कुशाबाला यातलं काही कळलं नाही, पण गुणाजीला बरं वाटलं.

तो करत होता ती एक खुर्ची. पाठ नसलेली, आणि बसायच्या जागी भोक असलेली.

त्याची आई सखुबाई शिमग्याच्या सुमारास मोरीपाशी घसरून पडली होती. इस्पितळात हाड बसवून दिलं, पण पाय काही वाकेना. काठी धरून, भिंतीच्या आधाराने ती खोलीत फिरायची, कॉटवर बसायची, तांदूळ निवडायची. अडचण होती ती गॅलरीच्या टोकाच्या संडासांची. तिथे उकिडवं बसावं लागतं, आणि ते आता तिला या जन्मी जमणार नव्हतं. सुरुवातीला सून कालिंदी आणि चंपा तिला दोन बाजूंनी काखेत हात घालून अर्धवट उभी धरायच्या. एकदा तिघीही कोलमडल्या. बाहेर रांग होती. रांगेतल्या बायका मदतीला आत धावल्या, आणि त्या सगळ्यांसमोर सखुबाई जमिनीवर पडल्या पडल्या लुगडं पायांवर ओढत राहिली. त्यानंतर तिने कोणाला न विचारता आपल्यापुरता तोडगा काढला. तिने जेवण तोडलं.

एकदम नाही तोडलं. आधी रात्रीचा भात गेला, मग सकाळची भाकरी. विचारलं की म्हणायची, "भूक नाय गो. म्हाताऱ्या माणसाक किती व्हया?" कालिंदीने काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी, गुणाजी गोदामातून येऊन चहा पीत असताना, ती त्याच्या समोर येऊन बसली.

"अहो, आई जेवत नायत."

"वय झालं तिचं."

"वयाचं नाय. संडासला जायला लागू नये म्हणून जेवत नायत. पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं पितात. मी बघते ना रोज."

गुणाजीने कॉटवर बसलेल्या आईकडे पाहिलं. तिच्या चोळीची बाही दंडावर लोंबत होती. हे आपल्याला इतके दिवस कसं दिसलं नाही, याची त्याला लाज वाटली. सखुबाईने त्याची नजर ओळखली असावी, कारण ती लगेच म्हणाली, "माका गावाक धाड रे. थंय मोकळा असता."

गावी भावजय होती, पडकं घर होतं आणि संडासासाठी परसाकडे जायची वाट होती, ती इथल्यापेक्षा दहापट अवघड. गावाला जाते म्हणजे मरायला जाते, हे त्या खोलीत तिघांनाही कळलं, आणि तिघांनीही विषय बदलला.

इस्पितळाच्या वॉर्डात तशी एक खुर्ची गुणाजीने पाहिली होती. ती आठवली आणि त्याला वाटलं, यात काय आहे? चार पाय, वर फळी, फळीत भोक. ज्याला साचा कळतो त्याला खुर्ची कळणार नाही?

कळली नाही. नारळ फोडून, फळ्या फाडून एकदाचा सांगाडा उभा राहिला, तेव्हा तो गॅलरीत खांबासारखा घट्ट होता. कुशाबा त्यावर बसला, चंपा बसली, चाळीतली दोन पोरं एकदम बसली. मग तो उचलून संडासात नेऊन ठेवला, तर लंगडा. एक पाय सरळ हवेत. गुणाजी डोकं धरून बसला. चाळीच्या गॅलरीला कठड्याकडे उतार असतो, बादली ओतली की पाणी तिकडेच पळतं, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. पण पाय कापताना त्याने ते गॅलरीच्याच जमिनीवर टेकवून टेकवून जमवले होते. खुर्ची त्या उताराला बेतून झाली होती.

मग त्याने माप घ्यायला सुताचा दोरा घेतला आणि दुपारच्या वेळी त्या संडासात जाऊन कडी लावली. भांड्याच्या दोन्ही अंगांची उंची, पुढची आणि मागची, दोऱ्यावर गाठी मारून तो घेत बसला. आतल्या जमिनीलाही उतार होता, पण तो भांड्याकडे. बाहेर दार वाजलं. पुन्हा वाजलं.

"गुणाजी, आत संसार थाटलास काय रे?"

"माप घेतोय."

"कसलं?" बाहेर कोणीतरी विचारलं, आणि मग बराच वेळ हसणं ऐकू आलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातला गाठींचा दोरा बघून ते पुन्हा सुरू झालं. पण पाय जमले. खुर्ची आता दुसरीकडे कुठेही ठेवली तर लंगडायची आणि त्या एका संडासात ठेवली की भिंतीसारखी उभी राहायची.

राहिली ती वरची फळी. खोक्याचं लाकूड राठ. गुणाजी रंधा मारायचा तर तो गाठीला अडायचा आणि गुळगुळीत होण्याऐवजी फळीचा लचका निघायचा. त्याने काचकागदाने हाताची सालं निघेपर्यंत घासलं आणि मग स्वतःच बसून पाहिलं. लेंग्यातून सल रुतली. त्यावर रेक्झीन ठोकलं तर ते खिळ्यांपाशी फाटलं. म्हातारीची कातडी आता इतकी पातळ झाली होती की कॉटच्या काथ्याचेही तिच्या मांडीवर वळ उठायचे. असल्या फळीवर तिला बसवायचं म्हणजे नव्या जखमा करायच्या.

त्या दुपारी सखुबाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कालिंदी सुके बोंबील साफ करत बसली होती. गुणाजी खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि एखादी वस्तू हरवल्यासारखा चहूकडे बघू लागला. मग तो कोपऱ्यात गेला आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटावर त्याने हात ठेवला.

पाट फणसाच्या लाकडाचा होता. गावच्या सुताराने गुणाजीच्या बापासाठी, महादेवसाठी, केलेला, आणि बापाबरोबर बोटीने मुंबईला आलेला. बापाने जन्मभर त्यावर बसून जेवण केलं आणि तो गेल्यावर गुणाजी बसू लागला. मुळातलं पिवळं लाकूड गुळासारखं तांबूस झालं होतं आणि कुठे हात फिरवला तरी अडत नव्हतं. सखुबाई तो रोज पुसायची, सणाला त्याला खोबरेल लावायची. फळीवरचा डबा काढायला कोणी पाटावर चढलं तर खेकसायची आणि पाय लागला तर पाटाला नमस्कार करायला लावायची. पडल्यापासून ती खाली वाकू शकत नव्हती, म्हणून कालिंदी पाट उचलून तिच्या मांडीवर द्यायची आणि ती कॉटवर बसून तो पुसायची.

"अहो," कालिंदी हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"तो नको."

"मग दुसरं लाकूड आणून दे."

"अन्नाचा पाट आहे तो. जेवायला बसतात त्याच्यावर. आणि तुम्ही तो संडासात नेणार?"

"जेवणारं माणूस जेवत नाय, कालिंदी. मग पाट ठेवून त्याची पूजा करू?"

त्याचा आवाज चढला होता. दोघांनीही कॉटकडे पाहिलं. सखुबाई हलली नाही.

"आईंना कळलं तर त्या बसायच्या नायत," कालिंदी म्हणाली. "आणि एकदा नाय म्हटलं की त्यांचं काय असतं, तुम्हाला माहीत आहे."

"नाय कळणार."

"पाट त्यांना कळणार नाय?"

 गुणाजी पाट काखेत घेऊन बाहेर गेला.

पातेल्याचं तोंड पाटावर टेकवून त्याने कोळशाने गोल आखला. त्या गोलावर गिरमिटाने भोकाला लागून भोक पाडत गेला. लाकडाचा भुसा पिवळाधमक निघत होता. आतून पाट अजून नवाच होता.  हा फाटला तर दुसरा आणायचा कुठून? पण पाटाच्या खाली त्या जुन्या सुताराने दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. हा बाणा, गुणाजीच्या मनात आलं, आणि त्याने गिरमिट पुढच्या भोकावर टेकवलं. पटाशीने मधला तुकडा मोकळा झाला तेव्हा कुशाबा गोदीतून परतला होता. त्याने पाट बघितला. फुटक्या काचेचा तुकडा आणून दिला आणि कडा कशा खरवडायच्या ते दाखवलं.

दिवेलागणीपर्यंत गुणाजी खरवडत राहिला. तळहात राठ, त्याला काही कळत नाही, म्हणून तो मनगटाच्या आतल्या बाजूने भोकाची कड तपासत होता. शेवटी कुठेच काही टोचेना. मग त्याने खोबरेल लावलं आणि पाट सांगाड्यावर बसवला.

"झालास सुतार," कुशाबा म्हणाला.

गुणाजीला खरोखर आनंद झाला. संपानंतर एवढा कधी झाला नव्हता. हाताने काहीतरी धड झालं होतं. मग आतून आईच्या खोकण्याचा आवाज आला आणि तो आनंद होता तिथेच राहिला. मधून निघालेला गोल तुकडा कालिंदीने चुलीत घातला नाही, की कशावर झाकण म्हणून वापरला नाही. तिने तो तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

गोदामावर जायच्या आधी गुणाजी जेवायला जमिनीवरच बसला.

"पाट खंय?" कॉटवरून सखुबाईने विचारलं.

"कुशाबान नेलो. तेच्याकडे पावणे इलेत."

"परत कदी देतलो?"

"देतलो उद्या."

कालिंदी आमटी वाढत होती, तिने मान वर केली नाही. सखुबाईने ताटलीतला भात बोटांनी इकडचा तिकडे केला, दोन-चार शितं तोंडात टाकली आणि ताटली बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, संडास मोकळे असतात त्या वेळी, गुणाजीने खुर्ची नेऊन जागेवर ठेवली. वर कालिंदीचं जुनं पातळ टाकलं. मग तो आईला बोलवायला आला.

"माका लागला नाय," सखुबाई म्हणाली.

"नुसतं बसून बघा आई," कालिंदीने तिचा दंड धरला. "ह्यांनी इतके दिवस मरमर केली. एकदा बघा तरी."

सखुबाई उठली. मरमर तिने पाहिली होती. चाळभर झालेलं हसणंही तिने ऐकलं होतं. काठी टेकत, मधे मधे थांबत ती गॅलरीच्या टोकाला पोचली. कालिंदी तिला घेऊन आत गेली. गुणाजी दाराबाहेर कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. हातात पाण्याचा डबा. आत कालिंदीने पातळ ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तिचं, हळू, मागे हात टेका, मागे आहे खुर्ची, टेका हात. मग काठीचा आवाज थांबला आणि बाकी सगळंच थांबलं.

"कालिंदे," सखुबाई म्हणाली.

"काय आई?"

"ह्यो पाट."

 गुणाजीने डब्याची कड घट्ट धरली. खोटं बोलायला आता जागा नव्हती.

"आये, चांगला लाकूड गावत नव्हता," तो कठड्याकडे बघतच म्हणाला. "तुका सल लागतली म्हणान..."

"बापाशीचो पाट कापलंस?"

"होय."

 आई आता काठी टेकत बाहेर येईल, खोलीत जाईल, भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि संध्याकाळी ताटली समोर ठेवली तर तिच्याकडे बघणारही नाही. मग गावाचा विषय पुन्हा निघेल आणि या वेळी तो बदलता येणार नाही. गुणाजीला हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं की त्याला रडू आलं. खाली पटांगणात कोणीतरी गादी झोडपत होतं. तो तिकडे बघत राहिला.

दार करकरलं. कालिंदी एकटीच बाहेर आली. तिने त्याच्या हातातला डबा घेतला, आत ठेवला आणि दार ओढून घेतलं. तिच्या दुसऱ्या हातात सखुबाईची काठी होती.

गुणाजीने काठीकडे पाहिलं, मग कालिंदीकडे. तिने तोंडावर बोट ठेवलं.

दोघं तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने आत पाणी ओतल्याचा आवाज आला.  तेवढ्यात चंपा आपला डबा घेऊन आली. पलीकडचा संडास तुंबलेला होता, त्यामुळे ती थांबली.

"कोण आहे आत? मावशी?"

कालिंदीने मान हलवली आणि दारावर टिचकी मारली.

"आई, झालं का?"

"झाला मगाशीच."

"मग येऊ ना आत?"

"नको."

गुणाजी पुढे झाला. दाराच्या फटीशी तोंड नेऊन तो म्हणाला, "आये, चुकला माझा. मी दुसरी फळी बघतंय. ह्यो काढून टाकतंय."

"काढू नको." सखुबाईचा आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता. "वायच बसांदे माका. लग्न होवन इल्यापासना ह्यो पाट मांडतंय, पुसतंय, उचलतंय. बसलंय आज."

चंपाने डबा खाली ठेवला आणि ती कठड्याला टेकली.

"बसू द्या त्यांना," ती म्हणाली. "मला घाई नाय."